झॅस्लोबाईंची शेवटची आंघोळ

फे झॅस्लो अमेरिकेतल्या आमच्या युटिका गावात एका दुकानात मोजे विकायची. लग्न केलं नाही, आईजवळ राहिली. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आम्हा ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सिनेगॉगमध्ये, माझ्या मागच्या बाकावर बसायची. ही मागे बसून काय बघत असते, असं मला नेहमी वाटायचं. न्यूयॉर्कच्या एका मासिकात तिची कथा आली आणि ते कळलं.

कथेत सिनेगॉगच्या अध्यक्षाची बायको दर गुरुवारी बसनं सिराक्यूजला जाते आणि चिनी हॉटेलात चोरून कोळंबी खाते. कोळंबी, आम्हा ज्यूंना वर्ज्य असलेली! नावं बदललेली होती, तरी बायका एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या. गुरुवारी कोण कुठे होतं, याच्या चौकशा सुरू झाल्या. माझा नवराच अध्यक्ष, त्यामुळे बोटं माझ्याकडे. मी त्या हॉटेलात एकदाच गेले होते आणि फक्त चहा घेतला होता.

"गावातले ख्रिस्ती लोक आधीच आपल्याला नावं ठेवतात," नवरा म्हणाला, "त्यात हिनं त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं."

त्याच हिवाळ्यात, एका शुक्रवारी सकाळी फेची आई रिवका गेली. संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आत पुरायला हवं होतं. आमच्यात बाईच्या प्रेताला आंघोळ घालायचं काम सिनेगॉगच्या बायकांचं एक मंडळ करतं, आणि त्या मंडळाची प्रमुख मी. आम्ही चौघी गेलो, पण उंबऱ्यातच थांबलो.

"आधी शब्द दे," मी म्हणाले. "आमच्यावर पुन्हा लिहिणार नाहीस. आज आतलं तर मुळीच नाही."

"आई आत पडलीये, हिंदामावशी."

"म्हणूनच विचारतेय."

"हो म्हणेल आणि लिहील," मागून आमच्यातली गसी पुटपुटली. "हिचा काय भरवसा?"

खरंच, नुसतं हो म्हणाली असती तरी आम्ही आत गेलो असतो.

"नाही देत शब्द," फे म्हणाली. बोटातली अंगठी काढून तिनं टेबलावर ठेवली, बाह्या वर सारल्या. "मीच घालते आंघोळ."

मुलीनं आईला उघडं बघायचं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. मला वाटलं, नाटक करतेय. पण तिनं खरंच बादली उचलली. मी बादली हिसकावून घेतली.

"हो बाजूला."

आम्ही पाणी ओतलं, कफन घातलं. ही फटीतून बघत तर नाही ना, म्हणून मी मधेच दार उघडलं. ती दाराकडे पाठ करून बसली होती. शेवटी रीतीप्रमाणे मी प्रेताजवळ वाकून म्हणाले, "रिवका, आमच्या हातून तुझा काही अवमान झाला असेल तर क्षमा कर."

बाहेर आल्यावर फेनं विचारलं, "क्षमा मागितलीत?"

"मागितली. रीतच आहे."

"आईनं केलं असेल माफ. तिला तुम्ही आवडायचात." ती कोट घालत होती. "मी नाही केलं."

त्या पोरीच्या प्रत्येक शब्दावर मी आजवर संशय घेतला. या तीन शब्दांवर मात्र घेता आला नाही.