शेवटच्या ओळीतलं नाव

माझ्या सासऱ्यांनी जन्मात दोन ओळी जुळवल्या नव्हत्या. लग्नकार्यात कुणी उखाण्याचा आग्रह धरला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचे. आणि त्यांचा मरणोत्तर सत्कार कशाबद्दल? तर निजामाविरुद्ध रचलेल्या गाण्यांबद्दल!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निजामाच्या जुन्या राजधानीत, नल्लकुंट्याच्या आमच्या घरी केबल नुकतीच आली होती. मराठी मंडळाचे अध्यक्ष आमंत्रण देऊन गेले, तरी सासूबाईंची नजर मालिकेवरच. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, पण ती गाणी सासूबाईंची, एवढं मलाही ठाऊक होतं. निजामाच्या राजवटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वाण म्हणून वस्तूऐवजी गाणं द्यायच्या. प्रत्येकीनं ते पाठ करून आपल्या गल्लीत न्यायचं. बायकांच्या हळदीकुंकवात पोलीस कशाला डोकावतील?

"मग तुमचं नाव कुठे गेलं?" मी तणतणले.

"नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नसायचं गं, उखाण्यातच घ्यायचं. तीच सवय. गाण्याच्या शेवटच्या ओळीतबी यांचंच नाव गुंफायची मी."

हात्तिच्या! आणि या विद्वानांनी ते अभंगासारखं वाचलं. शेवटी नाव ज्याचं, रचना त्याची. माझं डोकंच फिरलं. "आत्ताच्या आत्ता अध्यक्षांना गाठते," म्हणत मी चपला घातल्या.

"नक्को." सासूबाईंनी टीव्ही बंद केला. "पोलिसांनीबी तसंच वाचलं होतं."

सासरे तुरुंगात होते हे मला माहीत होतं. सत्याग्रहात गेले असतील, असं मी धरून चालले होते.

"कचेरीतून उचललं त्यांना. लई मारलं. 'हे माझं नाही, बायकोचं आहे' म्हणले असते तर सुटले असते. नाही म्हणले. आता एका शालीपायी मी कोणत्या तोंडानं म्हणू, माझं आहे म्हणून?"

मी चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. अन्याय होत होता हे नक्की. कुणावर, ते मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगते, आजही कळत नाही.

सत्काराच्या दिवशी सासूबाई शाल घ्यायला उभ्या राहिल्या. निवेदिका गाणं म्हणायला लागली आणि मधलीच ओळ चुकली. सासूबाईंनी पदर सावरत ती तिथल्या तिथे दुरुस्त केली.

"बघा, नवऱ्याचं काव्य किती पाठ आहे वहिनींना!" अध्यक्ष कौतुकानं म्हणाले.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.