एल्डोराबाईंची एकतीस कार्डं

१४ फेब्रुवारी १९९९, रविवार. रक्कम एकशे शहाऐंशी डॉलर चाळीस सेंट. चाळीस पानी पुस्तिकेच्या साठ प्रतींसाठी छापखान्याने सांगितलेला हा भाव एल्डोरा टोर्वेस्टाड यांनी पाकिटाच्या पाठीवर लिहून आणला होता. प्रार्थना संपल्यावर त्यांनी ते मला दाखवलं. आठवडाभर मी धान्य सोसायटीचे हिशेब लिहायचो आणि रविवारी चर्चचा खजिनदार असायचो.

"मागायला नाही आले हं, गॉर्डन," त्या म्हणाल्या. "नुसतं दाखवतेय."

आमच्या दक्षिण मिनेसोटात मागणं हे असंच असतं.

एल्डोराबाई एकट्या राहायच्या. बत्तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. गावातल्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात लाओसची माणसं कामाला आली, तेव्हा त्यांनी चर्चच्या तळघरात दर रविवारी दुपारी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. पाठ्यपुस्तक दोन आठवड्यांत बाजूला टाकलं. "'टेबलावर लाल सफरचंद आहे' असं या गावात कोण कधी बोललंय?" हा त्यांचा आक्षेप.

मग त्यांनी 'पिक अप' हे दोनच शब्द घेतले आणि अख्खा हिवाळा त्यांवर घालवला. खाली पडलेलं उचलणं पिक अप, शाळेतून मुलांना गाडीने आणणं पिक अप. फोन घेणं, पाहुणे यायच्या आधी घर आवरणं, सर्दी होणं, वाऱ्याने जोर धरणं, कॅफेत दुसऱ्याचं बिल भरणं, ऐकता ऐकता भाषा अंगवळणी पडणं, सगळं तेच. एकेका अर्थाला एकेक कार्ड. नियम एकच: वाक्य गावात कुणीतरी खरोखर बोललेलं हवं, आणि कार्डाखाली बोलणाऱ्याचं नाव हवं. वर्गातली माणसं कारखान्यात, दुकानात, बँकेच्या रांगेत कान लावून उभी राहायची. सतरा नंबरच्या कार्डावर माझं वाक्य होतं: 'सुगीपर्यंत मक्याचा भाव पिक अप करेल.' तो काही सुधारला नाही, पण कार्ड राहिलं.

अशी एकतीस कार्डं झाली, तेव्हा डॉक्टरांनी बाईंना सांगितलं की डोळ्यांचा पडदा मधोमध झिजतोय, उन्हाळ्यानंतर वाचता येणार नाही. पुस्तिका छापून व्हावी आणि त्याआधी तिचं प्रत्येक पान आपण स्वतः तपासावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"चर्चच्या निधीतून देऊ या की," मी म्हणालो.

"छे छे, छपराचं काम निघालंय. कशाला उगाच?"

"एल्डोराबाई, पैसे आहेत शिल्लक."

"नको रे. माझ्या कार्डांचं काय एवढं मोठं!"

आमच्याकडे पहिला नकार रीत म्हणून असतो, दुसराही. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतं, 'बरं, तुम्हाला त्रास नसेल तर.' केकचा तुकडाही आम्ही तिसऱ्या आग्रहाशिवाय घेत नाही. मी याच गावात वाढलो. हे मला कुणी सांगायला नको होतं. पण कर भरायचे दिवस होते, टेबलावर ढीग होता, आणि नकार ऐकून मला हायसं वाटलं. नाही म्हणाल्या ना, मग विषय संपला. पाकीट त्यांनी पुन्हा पर्समध्ये ठेवलं.

सप्टेंबरात बुनमी सोसायटीत आला. कारखान्यात हाडं सोडवण्याचं काम करायचा, बाईंच्या पहिल्या वर्गातला. टोपी काढून उभा राहिला.

"साहेब, टीचरना किती वेळा विचारलंत?"

"दोनदा. त्या नको म्हणाल्या."

"दोनदा?" तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं त्यांनी, इथलं पहिलं 'नको' खरं नसतं, दुसरंही नसतं. मी हे शिकायला लाओसहून आलो. तुम्ही कुठून आलात?"

त्याच आठवड्यात मी बाईंकडे गेलो. तिसऱ्यांदा विचारलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "तुला त्रास नसेल तर." कार्डांचा खोका त्यांनी चाचपडत काढून दिला.

छापखानेवाला म्हणाला, प्रत्येक वाक्याखालची नावं गाळली तर पुस्तिका चोवीस पानांत बसेल, एकेचाळीस डॉलर वाचतील. बाईंना विचारावं असं मनात आलं. पण त्यांना आता वाचता येत नव्हतं, दाखवून तरी काय करणार, असं मीच ठरवलं आणि हो म्हणालो.

नोव्हेंबरात पहिली प्रत घेऊन गेलो. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, वास घेतला. "वाच," म्हणाल्या.

मी पहिलं वाक्य वाचलं. त्या थांबून राहिल्या.

"आणि खाली?"

"खाली काही नाही."

"हॅरिएटचं नाव? वाक्य तिचं आहे ना."

"नावं छापली नाहीत, एल्डोराबाई. पानं वाढत होती."

त्यांनी हात पुढे करून पुस्तिका परत घेतली आणि मिटून ठेवली. मग म्हणाल्या, "छान झालंय हं." नाराजीत आमच्याकडे याच्यापुढे कुणी जात नाही. मला त्यांनी कॉफी दिली आणि मक्याबद्दल विचारलं.

वर्गात त्यांनी ती पुस्तिका कधी वापरली नाही. बुनमी शेजारी बसून जुनी कार्डं मोठ्याने वाचायचा, नावासकट, आणि त्या अर्थ समजावायच्या. असे आणखी दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात त्या वारल्या. खोका बुनमीकडे आहे. मी मागितलेला नाही.

पुढच्या जूनमध्ये मी निवृत्त होतोय. चर्चच्या जुन्या फायली लावताना छापखान्याच्या बिलाला टाचलेली एक पावती सापडली. पाकीट दाखवायच्या आदल्या दिवशी एल्डोराबाईंनी छापखान्यात स्वतःचे दहा डॉलर आगाऊ भरले होते. पूर्ण बिल नंतर चर्चने दिलं, पण ते दहा डॉलर त्यांना परत केल्याची नोंद नाही. ते देणं बाकी आहे.