आधी लग्नाचा दाखला

देवाने माणसांना संशय वाटून द्यायला घेतला तेव्हा आमच्या साडूंपाशी येऊन त्याने टोपलीच उपडी केली असावी. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासून पास-नापास करण्यात त्यांची उमर गेली, आणि कंपनीच्या बसने काळेवाडीच्या कोपऱ्यावर उतरवलं तरी तपासणी काही थांबत नसे. कलिंगडवाल्याने कापून दाखवलेली लालबुंद फोड ते "ही दुसऱ्या कलिंगडाची कशावरून नाही?" म्हणून परत करत. डॉक्टरांनी ताप नाही म्हटलं की त्यांचा संशय थर्मामीटरवर जाई. बँकेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मेसेज आला, तर दाजी शाखेत जाऊन "माझी जन्मतारीख कुणाला आणि कशाला लागली?" असं विचारून आले.

ताईने, म्हणजे बायकोच्या त्या बहिणीने, हे निम्मं आयुष्य सोसलं. दाजींनी तिच्या वागण्यावर कधी बोट ठेवलं नाही, हे ती स्वतःच सांगते. पण फोडणी टाकली की मागून प्रश्न, फोन ठेवला की प्रश्न, देवळातून यायला उशीर झाला तर कुठल्या रस्त्याने आलीस हा प्रश्न. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळे प्रश्न तिच्याच वाट्याला. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या कंपनीतला माल निदान संध्याकाळी पास होऊन गाडीत तरी चढतो. मी अजून टेबलावरच आहे." आणि ताथवड्यात भाड्याचं घर घेऊन राहायला गेली. शिवणाचे क्लास चालू केले. वर्षभर सगळ्यांनी समजावलं. ती आली नाही, आणि हे बोलवायला गेले नाहीत. शेवटी दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा ठरला. कागद जमवायला दाजींनी मला सोबत घेतलं. "तुम्ही दोन्हीकडचे आहात," ते म्हणाले, "फसवलंत तर दोघांना सारखंच फसवाल."

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत लग्नाचा दाखला मागितला. तो नव्हता. त्या काळी आमच्यात कोण काढत होतं! बाई म्हणाल्या, "मग आधी लग्नाची नोंदणी करून या." दाजी जिन्यातच थबकले. "राव, ही बाई तिकडे फितलेली दिसते. मी मोडायला आलोय आणि ही लग्न करून या म्हणते!"

नोंदणीला लग्नपत्रिका हवी, फोटो हवा, साक्षीदार हवेत आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही हवी. गुरुजी सापडले, थकले होते, पण तल्लख होते. दाजींनी त्यांनाच विचारलं, "आमचं लग्न तुम्हीच लावलंत कशावरून?" गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाखालून वाकून मुलगी तीच आहे ना ते बघणारा नवरदेव मी जन्मात एकच पाहिला." दाजींनी मुकाट्याने पेन पुढे केलं.

महापालिकेच्या खिडकीवर ताई आली होती. साक्षीला मी, बायको आणि शेजारचे एक गृहस्थ. आतली मुलगी कागद चाळता चाळता थांबली. "काका, आधारच्या झेरॉक्सवर हे काय लिहिलंय? 'केवळ घटस्फोटाच्या कामासाठी'? ही लग्न नोंदणीची खिडकी आहे."

"ठाऊक आहे," दाजी म्हणाले. "पण झेरॉक्सचा कुणी गैरवापर करू नये म्हणून काम लिहून ठेवलेलं बरं."

ताईने ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे गदगदत होते आणि ती हसतेय की काय ते मला कळेना. नवी झेरॉक्स आणली. फोटो काढताना ती मुलगी म्हणाली, "जरा जवळ बसा ना, काकू." दोघं बसले. दाखला हातात पडल्यावर ती मुलगी "अभिनंदन!" म्हणाली, तेव्हा तिचा हेतू काय असावा यावर दाजी घरी पोचेपर्यंत विचार करत होते.

मग अर्जावर सह्या करायचा दिवस आला. वकीलबाईंच्या कचेरीत दाजींनी सगळा मसुदा बोट फिरवत वाचला, ताईच्या माहेरच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली. 'परस्परांवर विश्वास उरलेला नाही' या वाक्यापाशी बोट बराच वेळ थांबलं, मग पुढे सरकलं. त्यांनी सही केली आणि कागद ताईकडे सरकवला. ताईने पान उलटून थेट सहीच केली.

"अगं, वाच तरी!" दाजी जवळजवळ ओरडलेच. "मी काहीही घुसडलं असेल त्यात!"

"तुम्ही वाचलंय ना?" ताई पेनाचं टोपण लावत म्हणाली. "मग काय बघायचं?"

दाजींनी तिची सही न तपासताच कागद वकीलबाईंकडे सरकवला. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

कोर्टाने फेरविचाराला दिलेली मुदत सरली. दोघांपैकी कुणीही अर्ज मागे घेतला नाही आणि निकाल झाला. बाहेर फाटकापाशी ताई म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेत जा." दाजींनी मान हलवली. ती रिक्षात बसली. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत दाजी तिच्या मागच्या नंबरपाटीकडे बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. मग माझ्याकडे वळले.

"रिक्षाचा नंबर पाठ केलाय. जरा वेळाने फोन करून पोचली का विचारा, राव. मी विचारलं म्हणून सांगू नका."