पोचपावती

डहाणू रोडच्या फलाटावर गाडी येऊन उभी राहिली तरी बाबा माझी बॅग सोडेनात. आईने तिच्या तळाला सुक्या बोंबलांची पुडी दडवली होती आणि तीन वर्तमानपत्रं गुंडाळूनही वास काही दबत नव्हता. दारात उभा असलेला वापीचा एक व्यापारी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "अरे भाई, तू तो दरियो साथे लई जाय छे!" बाबांनाही हसू आलं. त्या हसण्यात त्यांनी बॅग आत ढकलली. "महिन्याभरात ये. डोल ओढायला तू नसलास की जड जातं." डोल म्हणजे आमचं बोंबलाचं जाळं. सातवीतला माझा भाऊ, त्याला घरात बारक्याच म्हणत, फलाट संपेपर्यंत खिडकीबरोबर पळाला.

तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. कॉलेजच्या एन.सी.सी.तून मनालीला गिर्यारोहणाच्या कोर्सला माझी निवड झाली होती. कोर्स महिन्याचा होता. महिना संपला आणि मी तिथेच राहिलो.

कारण सांगितलं तर आमच्या वरोर गावात कुणाला पटणार नाही. तिथे एक कॅनेडियन प्रशिक्षक आला होता. तो उतारावर बर्फाचे गुडघाभर उंचवटे करून घ्यायचा, एकाला लागून एक. त्यांना मोगल म्हणतात. स्कीवरून त्यांच्यातून सपासप वळत खाली यायचं, मध्ये दोनदा हवेत उडी, आणि वळणं, उड्या, वेळ या सगळ्यांचे गुण. बाकीची पोरं उंचवट्यांना घाबरून ताठ व्हायची नि पडायची. मी पहिल्याच दिवशी खालपर्यंत आलो. प्रशिक्षक विचारू लागला, कुठे शिकलास? काय सांगणार! होडीत उभं राहायला शिकवताना बाबा म्हणायचे, "लाटेशी भांडू नको. गुडघे सैल सोड, ती आपली खालून निघून जाते." मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, इथे मी कुणीतरी होईन.

हॉटेलात भांडी घासली, स्की वाहिल्या, पण उतार सोडला नाही. घरी यायचो ते पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना. बर्फाचा आणि बोंबलाचा हंगाम एकच. कामाच्या दिवसांत मी कधीच घरी नसायचो. हे तेव्हा जाणवलं नाही असं म्हणणार नाही. जाणवत होतं.

चौथ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, घरून रजिस्टर पत्र आलं. अक्षर बारक्याचं, शब्द बाबांचे. दोराचा झटका बसून बाबांचा खांदा निखळला होता. "दोनच महिने ये. बारक्याची दहावी आहे, मास्तर म्हणतात पोरगा पहिला येईल. परीक्षा झाली की जा परत." पोस्टमनने पुढे केलेल्या पोचपावतीवर मी सही केली, तारीख घातली. नऊ दिवसांनी निवड होती. जो निवडला जाईल त्याला प्रशिक्षक कॅनडाला नेणार होता.

मी घरी गेलो नाही. निवडला गेलो. मग घरी लिहिलं की बर्फाने रस्ता बंद होता, पत्र महिनाभर उशिरा हातात पडलं. बाबांचं उत्तर दोन ओळींचं होतं. "बरं. थंडीत जप." बारक्या त्या फेब्रुवारीत माझ्या जागेवर होडीत चढला. परीक्षेला बसलाच नाही.

पुढची दहा वर्षं मी कॅनडात जिद्दीने काढली, त्याची लाज नाही. पहाटे उतारावरच्या स्की-लिफ्टवर काम, दुपारी सराव, रात्री पुन्हा भांडी. 'पिकअप', 'शिफ्ट', 'फिजिओ' हेच शब्द तोंडात बसले. पन्नासेक स्पर्धांत उतरलो, सगळ्यात वरचा नंबर सहावा. डाव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, तिसरीनंतर डॉक्टरनेच हात जोडले. आता तिथल्याच गावात मुलांना शिकवतो. त्यांना बाबांचं वाक्य इंग्रजीत सांगतो. कुणाचं आहे ते सांगत नाही.

बाबा गेले तेव्हा मी दहाव्याला पोचलो. होडीचे कागद शोधताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ती पोचपावती सापडली. माझी सही, माझी तारीख. मी विसरलोच होतो की ते कार्ड पाठवणाऱ्याकडे परत जातं. बाबांना शेवटपर्यंत ठाऊक होतं. मी कार्ड होतं तिथे ठेवलं आणि पेटी लावली. बाहेर अंगणात बारक्या जाळं दुरुस्त करत होता. त्याला ठाऊक नसावं, असं मानून मी परत विमानात बसलो.

गेल्या महिन्यात बारक्याचं पत्र आलं. त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून दहावी देणार आहे, एकतिसाव्या वर्षी. "पोरीला शाळेत घातली, फॉर्मवर वडिलांचं शिक्षण नववी लिहिताना हात अडला. दादा, फेब्रुवारी-मार्च होडीवर माणूस पाहिजे. दोनच महिने येशील?" आणि खाली, "पोचपावती मुद्दाम लावली नाही. तू सही करतोस आणि पत्र तुला उशिरा मिळतं."

मी किती वेळ हसलो आणि नंतर काय झालं, ते लिहीत नाही.

मंडळाच्या अंकात हे वाचणारे तुम्ही बरेच जण वरोरहून, आशागडहून, झरीहून निघून माझ्यासारखेच लांब गेलात. घर म्हणजे काय, असं इथल्या मेळाव्यांत आपण एकमेकांना विचारतो आणि जेवणाच्या गोष्टी सांगतो. मला विचाराल तर घर म्हणजे होडीतली ती एक जागा. मी रिकामी केली आणि दुसऱ्याला भरावी लागली.

बारक्या, तिकीट काढलंय. गुडघा आता सैल राहत नाही, तेव्हा दोर किती ओढवेल सांगता येत नाही. सुकाणू धरीन, जाळी धुईन, मासळी निवडीन. तू मात्र त्या दोन महिन्यांत होडीकडे फिरकायचंसुद्धा नाहीस. हेच तुला पत्र म्हणून रजिस्टर करतोय, पोचपावतीसकट. सही कर, तारीख घाल. कार्ड मी बाबांच्या पेटीत ठेवायला घेऊन येतो.