अर्ध्या हजामतीचा अभ्यास

सलूनवाल्या काकांना गल्लीतली दहावीची मुलं अर्धेकाका म्हणत, आणि हे नाव काकांनी स्वतःच्या करणीने कमावलं होतं. परीक्षेला तीन महिने उरले की काका दहावीच्या कुठल्याही मुलाचे केस एका दमात कापत नसत. उजवी बाजू झाली की कात्री थांबायची. कंगव्यांच्या डब्यातून एक चिठ्ठी निघायची आणि काका आरशातूनच विचारायचे, "हं, आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की काय तयार होतं?" उत्तर बरोबर आलं तर डावी बाजू. चुकलं तर गळ्याला कापड गुंडाळलेलं पोरगं अर्ध्या डोक्याने बाकावर. बाकावर पुस्तक ठेवलेलं असे. वाचायचं, मिटायचं, दोन गिऱ्हाइकं होईपर्यंत गप्प बसायचं आणि मग पुन्हा खुर्चीत यायचं. पळून जायची सोय नव्हती, कारण तसल्या डोक्याने रस्त्यात जाणार कोण?

याची सुरुवात एका चष्मेवाल्या पोराने करून दिली. तो मांडीवर विज्ञानाचं पुस्तक उघडून केस कापून घेत होता आणि पानांवर केसांचा सडा पडत होता.

"पाचव्यांदा वाचतोय काका," तो ऐटीत म्हणाला.

काकांनी पुस्तक मिटून काखेत मारलं. "मग सांग की, काय वाचलंस."

पोराचा हात काकांच्या काखेतल्या पुस्तकाकडे गेला.

"उघड्या पुस्तकातलं तर मलाही येतं," काका म्हणाले. "मिटलेल्या पुस्तकातलं सांग."

पहिल्या वर्षी दोन-तीन आया भांडायला आल्या. निकाल लागल्यावर त्याच आया धाकट्यांना घेऊन आल्या. "केस नाही कापले तरी चालतील, पण विचारा मात्र," असं सांगून गेल्या. काका खूश झाले. पोरांना छळायचा परवानाच हातात पडला, तोही आईबापांच्या सहीचा.

चिठ्ठ्यांवर एका बाजूला प्रश्न असे आणि मागे उत्तर. दोन्ही मुलांनीच पुस्तकात बघून लिहिलेलं. फक्त एका चिठ्ठीवरचं उत्तर काकांच्या अक्षरात होतं. प्रश्न होता, दाढी करण्यासाठी कोणता आरसा वापरतात? उत्तर होतं, सपाट.

या चिठ्ठीत काकांचं जुनं दुखणं होतं. तीस वर्षांपूर्वी दहावीच्या विज्ञानात त्यांना चौतीस मार्क पडले होते. पास व्हायला पस्तीस लागायचे. हाच प्रश्न आला होता, आणि जन्मापासून बापाच्या सलूनात वाढलेल्या काकांनी डोळे मिटून 'सपाट' लिहिलं होतं. तपासणाऱ्याने त्यावर काट मारली आणि त्या एका मार्कानेच आपला घात केला, अशी काकांची ठाम समजूत होती. पेपर तपासणाऱ्याने जन्मात दाढी केली नसणार, असं ते मनातल्या मनात म्हणत. उघड कुणाला सांगायची चोरी होती, कारण घरी त्यांनी सांगून ठेवलं होतं की दुकान सांभाळायला शाळा सोडली. मुलीला तर हेच माहीत होतं.

त्यामुळे या एका चिठ्ठीपुरते काका हट्टाला पेटत. एखादा हुशार पोरगा 'अंतर्गोल' म्हणाला की ते त्याची हनुवटी धरून समोर वळवत.

"हा आरसा कसा आहे?"

"सपाट."

"शेजारच्या खुर्चीत काय चाललंय?"

"दाढी."

"मग?"

मग काय, पोरगं निमूट 'सपाट' म्हणायचं आणि डावी बाजू कापून घरी जायचं.

काकांची मुलगीही त्या वर्षी दहावीला होती. सलूनच्या मागेच घर, मध्ये फक्त पडदा. ती पडद्यामागे बसून पुस्तकात रंगीत रेघा ओढायची. पिवळी म्हणजे महत्त्वाचं, गुलाबी म्हणजे फार महत्त्वाचं, हिरवी आणि निळी म्हणजे काय ते तिलाही आठवत नसे. काकांनी दोनदा चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. "माझे केस तुम्ही कापत नाही, तेव्हा मी सुटले," असं म्हणून तिने तो परत ढकलला. रेघा ओढून ओढून पान रंगायचं आणि डोकं कोरं राहायचं. कानावर पडायचा तो बाहेरचा आरडाओरडा, आणि तेवढाच तिच्या लक्षात राहायचा.

सराव परीक्षा झाली आणि एका दुपारी विज्ञानाच्या बाई सलूनात शिरल्या. दाढीला टेकलेलं एक गिऱ्हाईक दचकून उठलं. बाई त्याच्या जागी बसल्या आणि त्यांनी पिशवीतून पेपरांचा गठ्ठा काढला.

"चौदा मुलांनी सपाट आरसा लिहिलाय," बाई म्हणाल्या. "एकाने खाली टीप दिली आहे. खात्रीसाठी अर्धेकाकांच्या दुकानात यावे."

काकांनी मिशीवर बोट फिरवलं. ती मिशी दोन्ही टोकांना वर वळलेली, गल्लीत एकुलती एक होती. "पोरांनी डोळ्यांनी बघितलंय, बाई."

"मी वर्गात तीनदा सांगितलं. पोरं म्हणतात, बाई, तुम्ही कधी दाढी केली आहे का?" बाईंनी पिशवीतून तळहाताएवढा आरसा काढला. "जवळ धरा."

काकांनी धरला. आत त्यांचा गाल थाळीएवढा झाला होता, आणि कानाखाली चार पांढरे खुंट उभे होते. इतकी वर्षं रोज दाढी करून ते रोज राहून जात होते. काकांनी तिथे बोट लावून बघितलं. खुंट खरेच होते.

"सपाट आरशात दाढी होते, कोण नाही म्हणतंय," बाई म्हणाल्या. "पण मुद्दाम बनवलेला तो हा. मी शिकवलेलं पोरं विसरतात, तुम्ही घोकून घेतलेलं विसरत नाहीत. माझी पंचाईत तीच आहे. परीक्षा दहा दिवसांवर आलीये. आता तुम्हीच निस्तरा." जाताना त्यांनी पंधरावा पेपर ठेवला. तो काकांच्या मुलीचा होता, आणि त्यातही सपाटच लिहिलेलं होतं. वर लाल शाईत चौतीस लिहिलं होतं.

तो आकडा काकांच्या चांगला ओळखीचा होता. त्यांना फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चिठ्ठी बदलली. पण इतकी वर्षं पोरांची खोडी काढल्याचं फळ आता पदरात पडलं. चष्मेवाल्याचा धाकटा भाऊ खुर्चीत होता. काका म्हणाले, "अंतर्गोल लिही." पोराने डोळा मारला. "फसवताय होय काका? सपाट. मेलो तरी सपाट." दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्याने तर वर शाबासकी मागितली.

रविवारी सकाळी काकांनी चौदाही जणांना बोलावलं आणि स्वतः खुर्चीत बसले. पडद्याकडे तोंड करून त्यांनी मुलीला हाक मारली आणि कात्री तिच्या हातात दिली.

"उजव्या बाजूची मिशी उडव."

"बाबा, वेड लागलंय का?"

"उडव."

तिने उडवली. सलूनात कुणी हसलं नाही, कारण हसायचं की नाही हेच पोरांना कळेना.

"आता विचार."

मुलीने चिठ्ठी वाचली. काका आरशात स्वतःच्या अर्ध्या मिशीकडे बघत म्हणाले, "अंतर्गोल."

"का?"

"जवळ धरला की चेहरा मोठा आणि सुलटा दिसतो. म्हणून." ते थांबले, आणि मग आरशातून मुलीकडे बघत म्हणाले, "मी दहावीत हेच चुकलो. चौतीस पडले. दुकानासाठी शाळा सोडली ते खोटं आहे. नापास झालो म्हणून सुटली."

मुलीने कात्री खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते, पण बापाचा गुण तिला लागला होताच.

"उत्तर तीस वर्षं उशिरा दिलंत," ती म्हणाली. "बाकावर बसा. दोन गिऱ्हाइकं झाली की पुन्हा विचारीन."

काका अर्ध्या मिशीने बाकावर बसले. मग मात्र चौदाही जण खुर्च्यांना धरून हसले. दोन गिऱ्हाइकांनंतर काकांनी उत्तर पुन्हा बरोबर दिलं, तेव्हा कुठे डावी बाजू उतरली. त्या संध्याकाळी मुलगी आपणहून खुर्चीत येऊन बसली. "एका बाजूची वेणी सोडा आणि विचारा," ती म्हणाली. परीक्षेपर्यंत ती एका खांद्यावर वेणी आणि दुसऱ्यावर मोकळे केस घेऊन घरभर हिंडत होती.

परीक्षेत आरशाचा प्रश्न आलाच नाही. निकाल लागला तेव्हा मुलीला विज्ञानात एकसष्ट होते आणि चौदाही पोरं पास होती. पेढ्यांऐवजी टवाळी घेऊन ती सगळी सलूनात आली.

"काका, तुमची मिशी फुकटच गेली की," चष्मेवाल्याचा भाऊ म्हणाला.

"फुकट कशी?" पडद्यामागून मुलीचा आवाज आला. "बाबांचे चौतीसचे पस्तीस झाले."

काकांनी तोंड फिरवून कंगव्यांचा डबा उगाच पुसला. मग त्या पोराला खुर्चीत बसवलं आणि उजव्या बाजूने सुरुवात केली.