जून सांगितला होता

कॅलेंडरबाईंना हे नाव आमच्या मालकांनी ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की टपालवालासुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. आमचं प्रवास कंपनीचं ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या अडीच खोल्या. दाराशी त्यांचं टेबल, त्याला लागून माझं. तिकिटं आणि व्हिसाचे कागद मी बघायचो. कोणत्या देशात कधी जायचं ते त्या सांगायच्या.

सत्तावीस वर्षांत त्या स्वतः कुठेही गेल्या नव्हत्या. पण परत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून त्याची उलटतपासणी घ्यायच्या. पाऊस किती वाजता यायचा? वारा बोचत होता की नुसते केस उडवत होता? मोजे किती जोड लागले? सगळं एका लांबट वहीत उतरवून घेत. त्यामुळे कुणी विचारलं की मान वर न करता उत्तर तयार. पोर्तुगाल? सप्टेंबर. ऑस्ट्रिया? मेचा शेवट.

"आणि डिसेंबरात गेलो तर?"

"जा की. हॉटेलच्या भिंती छान असतात तिकडच्या."

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या घड्याळकाकांची बायको मार्चमध्ये आली, तेव्हाही असंच झालं. काकू बारीक चणीच्या, बोलणं मोजून मापून.

"नॉर्वेला जायचंय आम्हा दोघांना. अगदी उत्तरेला. सगळ्यात चांगला मोसम कोणता?"

"जून," कॅलेंडरबाई म्हणाल्या. "लख्ख उजेड, थंडी बेताची, रस्ते मोकळे."

"नक्की ना? हे म्हणालेत, कॅलेंडरबाई सांगतील तोच महिना."

"काकू, डोळे मिटून जा."

मी तिकिटं काढली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं गेले.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी कॅलेंडरबाई आपलं दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ आणायला काकांच्या दुकानात गेल्या. काकांची धाकटी बहीण दुकान सांभाळत होती. परत आल्या त्या हात हलवत, घड्याळाशिवाय. चेहरा असा, की मी आधी उठून त्यांना खुर्ची दिली.

"काय झालं?"

"ते दिवे बघायला गेलेत," त्या म्हणाल्या.

"कसले दिवे?"

"आकाशातले. हिरवे, पडद्यासारखे हलणारे. उत्तरेला दिसतात ते." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अरे, त्याला काळोख लागतो. हिवाळा लागतो. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही! आणि मी त्यांना जून सांगितला."

पण खरी गोष्ट पुढेच होती. काकांची नजर चालली होती. डोळ्याला भिंग लावून समोरचा केसाएवढा स्क्रू ते अजून बसवत, पण बाजूला ठेवलेलं स्टूल त्यांना दिसत नसे. नजर कडांकडून मिटत येत होती, आणि उजेड कमी झाला की काहीच दिसत नसे. दिवेलागणीनंतर अकरा वर्षांत ते घराबाहेर पडले नव्हते. एका मासिकात त्या दिव्यांचा फोटो पाहिला, तेव्हापासून एकच ध्यास: डोळे आहेत तोवर हे बघायचं. बहिणीने कौतुकाने सगळं सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "दादाचा तुमच्यावर फार विश्वास हो."

कॅलेंडरबाईंनी तिथल्या तिथे काकूंना फोन लावला. मी शेजारीच होतो.

"काकू, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. काका जे बघायला आलेत ते आत्ता..."

"माहीत आहे," पलीकडून आवाज आला. "पहिल्याच दिवशी कळलं. ठेवते." आणि फोन बंद.

फोन टेबलावर ठेवून त्या उठल्या. मग मालकांकडे गेल्या. मालकांनी एकच विचारलं, "दिव्यांचं त्यांनी काही लेखी दिलं होतं? नाही ना? मग गप्प बसा." पण दुसऱ्या दिवशी एका नव्या जोडप्याने स्वित्झर्लंडचं विचारलं, तेव्हा कॅलेंडरबाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." सत्तावीस वर्षांत ते वाक्य त्या ऑफिसात कुणी ऐकलं नव्हतं. मालक आपल्या खोलीतून डोकावून बघायला लागले.

काका-काकू परतल्याचं कळलं त्याच दिवशी त्या भेटायला निघाल्या. "तू चल," म्हणाल्या. "एकटीने पाय उचलणार नाही माझा."

दुपारचे चार वाजले असतील. घर दुकानाच्या मागेच, जिना चढून. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवलेली. आत पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीलगत कमरेइतक्या उंचीवर एक दोरी ताणून बांधलेली. बाहेर ऊन होतं, पण खोली अंधारलेली होती. आमच्या स्वागताला उठलेले काका सरळ चहाच्या तिपाईवर आदळले. कॅलेंडरबाईंनी तोंडावर हात घेतला.

"काका, मी माफी मागायला आलेय."

"मागाच!" काका गुडघा चोळत म्हणाले. "दोन दिवस तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या बाई, की हिने कानात बोटं घातली. तिथल्या वाटाड्याने सांगितलं, आजोबा, ऑगस्टपर्यंत इथे रात्रच नाही. मी हॉटेलात भिंतीकडे तोंड करून झोपलो."

"तिसऱ्या दिवशी," काका पुढे सांगू लागले, "कंटाळून बंदरावर गेलो. होड्या बघितल्या, एका म्हाताऱ्याशी खाणाखुणांनी गप्पा मारल्या, परत आलो. खोलीत येऊन घड्याळ बघतो तर पावणेअकरा! बाई, रात्रीचे पावणेअकरा. आणि मी कुणाचा हात न धरता आलो होतो. ही मागून येत होती. वळून बघतो तर ही रडतेय." त्यांनी काकूंकडे हात केला. "मग काय, मी रोज बाहेर. जेवण झालं की चाललो. सोळा दिवस मी बायकोचा हात धरला नाही. म्हणजे धरला, पण माझ्या मर्जीने."

कॅलेंडरबाई ऐकायला आल्या होत्या दोष, आणि समोर हा माणूस हसत होता.

"आता मात्र नीट सांगा," काका म्हणाले. "ते दिवे राहिलेच आहेत. त्यासाठी कोणता महिना?"

काकूंनी कपबशी खाली ठेवली. मी बघितलं, त्या एकटक कॅलेंडरबाईंकडे बघत होत्या.

"फेब्रुवारी," कॅलेंडरबाई सावकाश म्हणाल्या. "पण काका, ते दिसतात ते पुरत्या काळोखात. गावाबाहेर, विजेचे दिवे नसतील तिथे उभं राहावं लागतं. आणि ते फोटोत दिसतात तितके उजळही नसतात, फिकटच असतात बऱ्याचदा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काळोखात मला माझा हात दिसत नाही," ते म्हणाले. जणू ही गोष्ट त्यांना आत्ता पहिल्यांदा समजत होती. "म्हणजे मी तिथे उभा राहिलो असतो, आणि सगळे म्हणाले असते, ते बघा..."

ते उठले आणि दोरी धरून आत गेले.

काकू आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मी दोन पायऱ्या उतरलो होतो, तेव्हा मागे त्यांचा दबका आवाज आला.

"बाई, मला सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ते दिवे ह्यांना दिसायचे नाहीत. मी दिव्यांचं तुमच्यापाशी मुद्दामच बोलले नाही. तुमच्या तोंडून मला जून हवा होता, अंधार नसलेला. मी म्हटलं असतं तर ह्यांनी ऐकलं नसतं."

कॅलेंडरबाईंनी कठडा धरला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी जेवले नाही हो, काकू. अठरा दिवस धड जेवले नाही मी! तो फोन... फोनवर तरी सांगायचंत."

"हे शेजारी उभे होते."

"मग आधी सांगायचंत."

"तुम्हाला खोटं बोलता आलं असतं?"

कॅलेंडरबाई खाली उतरल्या. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाल्या, "माझा वापर केला तिने. आणि मला तिला वाईट म्हणता येत नाहीये. हे कसलं रे?"

चार महिने त्या काकूंशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी काकू ऑफिसात आल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या, आणि माफीबिफी काही न मागता म्हणाल्या, "हे म्हणतात, पुन्हा जून." कॅलेंडरबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्या वेळी बंदराजवळचं हॉटेल बघू का?"

पुढच्या जूनपर्यंत काकांना दिवसाही काठी लागायला लागली होती, तरी दोघं गेले. डॉक्टरांची ती गोष्ट काकूंनी त्यांना कधी सांगितली नाही, आम्हीही नाही. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला काका अजून सांगतात, "अहो, ती बाई चुकली म्हणून माझं भलं झालं!" समोर असल्या तर कॅलेंडरबाईंचा चेहरा लाल होतो. "हो काका, चुकलेच मी," म्हणतात, आणि ऑफिसचा जिना चढून कामाला लागतात.