टाकीतलं लाल शेवाळ

ब्लीचिंग पावडरचा वास आला की महाडच्या घरातली माझी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आठवते. नव्याकोऱ्या टाकीत लाल, बुळबुळीत शेवाळ माजलं होतं. रोज खरवडलं तरी रक्ताच्या गुठळ्यांसारखं पुन्हा वाळूवर पसरायचं. एका दुपारी घरी आलो तर एक सोडून सगळे मासे उताणे तरंगत होते. "विहिरीत टाकतात ती पावडर घातली, भावजी. आता शेवाळ नाय राहणार," उमरठच्या खेड्यातून आलेली माझी वहिनी खुशीत म्हणाली. मी वरवंटा उचलला आणि टाकीवर घातला. काच फुटून एक तुकडा तिच्या कपाळात घुसला. रक्त डोळ्यांत उतरत असताना ती फरशीवर तडफडणारा मासा उचलून तांब्यातल्या गोड्या पाण्यात सोडत होती. डॉक्टरांना तिने सांगितलं, पाय घसरला. आजही मी समोर आलो की ती कपाळावरच्या त्या व्रणावर पदर ओढून घेते.